बेलचं बटण असलेला कॉम्प्युटर

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून ‘लॅपटॉप घेताना घ्यायची काळजी’ असा एक पानी मजकूर हवा होता. मुद्देसूद, शक्यतो चौकटीत. मी म्हटलं, बाई, सत्तावीस वर्षं पनवेलमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं, गेल्या पाडव्याला शटर कायमचं ओढलं, आता तरी मला चौकटीत बसवू नका. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग तुम्हाला हवं ते लिहा, पण रागावून लिहू नका.” पहिली सूट मी घेते आहे. दुसऱ्या अटीचं माझ्या हातात नाही.

राग कशाचा, ते आधी सांगते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर अंधेरीच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलं. लांबलचक टेबलाला आम्ही चाळीस बायका बसायचो, डोळ्यांपुढे भिंग आणि हातात तापलेलं आयर्न. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा माझा नवरा दिनेश इन्व्हर्टर विकायचा. त्याला माणसं कळायची, मला बोर्ड कळायचे, म्हणून टपाल नाक्याजवळ आम्ही दोघांनी दुकान टाकलं. पुढे काउंटर आणि दिनेश. मागे प्लायवूडचं पार्टिशन आणि त्याच्यामागे मी. दिनेशला आजही विचारा, रॅम कुठल्या बाजूने बसते, तर तो आधी चहा मागवतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तो स्वतःच सगळ्यांना सांगतो.

पण दिनेश जेवायला घरी गेला आणि मी काउंटरवर आले की दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस माझ्या खांद्यावरून पार्टिशनच्या मागे बघायचा.

“सर नाहीत का?”

“नाहीत. काय झालंय मशीनला?”

“नाही नाही, मी थांबतो.”

आणि खरंच थांबायचे. मी त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणाचा तरी बोर्ड उघडून मल्टिमीटर लावून बसलेली असायची, तरी थांबायचे. मग दिनेश यायचा, सगळं ऐकून घ्यायचा, “बघतो हं” म्हणून पार्टिशनमागे येऊन मला विचारायचा आणि बाहेर जाऊन माझंच वाक्य आपल्या आवाजात म्हणायचा. गिऱ्हाईक खूश. “बघा, सरांनी कसं लगेच ओळखलं!” सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पाचेक वर्षांनी यायचं बंद झालं.

दुसरा अपमान सहीचा. ज्यांनी कधी कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीन ठेवून जाताना गिऱ्हाईक डबा उघडायला लावतं आणि आतल्या रॅमवर, हार्ड डिस्कवर आमची सही घेतं, म्हणजे आम्ही चांगला पार्ट काढून त्याजागी भंगार बसवणार नाही. असे उद्योग करणारे बाजारात नव्हते असं मी म्हणत नाही, होते. पण दात काढायला जाताना बाकीच्या एकतीस दातांवर कुणी डॉक्टरची सही घेत नाही. आमच्या काउंटरला काळा मार्कर दोरीने बांधून ठेवलेला असायचा, बँकेत पेन असतं तसा. कामोठ्याहून एक निवृत्त अधिकारी यायचे, ते तर आतल्या पंख्यावरही सही घ्यायचे.

“अहो, पंखा कोण चोरतं?” मी एकदा विचारलं.

“प्रश्न पंख्याचा नाही मॅडम, तत्त्वाचा आहे.”

दिनेश म्हणायचा, करून टाक ना सही, हात झिजतो का? हात झिजत नव्हता. माझं दुसरंच काहीतरी झिजत होतं, आणि ते कुठल्या मीटरवर दिसत नाही.

एवढ्या वर्षांत नियमाने येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी एकाच माणसाने माझ्याकडे कधी सही मागितली नाही आणि सर कुठे आहेत म्हणून विचारलं नाही. ते याकूबभाई. त्यांच्याकडे येतेच. आधी संपादकबाईंच्या पानाचं ऋण फेडते.

कॉम्प्युटर घ्यायचा असो, वाढवायचा असो की दुरुस्त करायचा असो, माझा पहिला प्रश्न ठरलेला होता, “ह्याच्यावर तुम्ही करता काय?” या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मा सल्ला आपोआप होतो. आणि याच प्रश्नाचा लोकांना भयंकर राग येतो. कामोठ्याचेच आणखी एक गृहस्थ आले होते. मुलगी अकरावीला गेलेली, सगळ्यात भारी लॅपटॉप कुठला ते सांगा म्हणाले. मी विचारलं, ती करणार काय त्याच्यावर? क्लासचे व्हिडिओ बघणार आणि नोट्स लिहिणार. मग साधा घ्या, म्हटलं, फक्त रॅम आठ जीबीच्या खाली नको, आत एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क हवी, आणि कीबोर्डवर चार ओळी टाइप करून बघा. गृहस्थांना वाटलं मी त्यांची ऐपत काढते आहे. दोन महिन्यांनी तेच गृहस्थ एक भलामोठा गेमिंग लॅपटॉप घेऊन आले. कीबोर्डखाली लाल-निळे दिवे पळत होते. “हे तेवढे बंद करून द्या, आजीला चक्कर येते,” म्हणाले. मुलगी व्हिडिओ मोबाइलवरच बघते, कारण हा लॅपटॉप मांडीवर धरवत नाही. ज्या विक्रेत्याने हे धूड त्या पोरीच्या गळ्यात मारलं त्याने तिला एकदा तरी विचारलं असेल का, बाळ, तू करणार काय याच्यावर?

दुरुस्तीत तर याहून संताप. ‘मदरबोर्ड गेला’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात आळशी वाक्य आहे. बोर्ड जातात, नाही असं नाही. पण मी पाहिलेल्या गेलेल्या बोर्डांतले कितीतरी कुठेही गेलेले नव्हते. उरणला मोऱ्याच्या धक्क्याजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणारी एक बाई असाच गेलेला बोर्ड घेऊन आली. तिथे समुद्राची खारी हवा, वर्षभरात रॅमच्या सोनेरी पट्टीवर पापुद्रा धरतो आणि मशीन मुकं होतं. मी रॅम काढली, शाळेतल्या खोडरबरने पट्टी घासली, परत बसवली. मशीन चालू. बाई माझ्याकडे बघतच राहिली.

“एवढंच? मग त्यांनी बोर्ड गेला का सांगितलं?”

“त्यांच्याकडे खोडरबर नसेल,” मी म्हटलं.

आता तर कंपन्यांनी खोडरबराचीही सोय ठेवलेली नाही. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, बॅटरी गोंदाने चिकटवलेली, आणि स्क्रू असे की त्यांचा पाना सहसा मिळू नये. पूर्वी गिऱ्हाइकाला सांगता यायचं, आता चारची घ्या, पुढे लागली तर आणखी एक पट्टी टाकू. आता जे घेतलं ते शेवटपर्यंत. म्हणून घेताना एवढं तरी विचारा की यातली रॅम बदलता येते का. समोरचा गोंधळला तर उठून या. आणि घरातला जुना लॅपटॉप रडतखडत चालत असेल तर त्याची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, तो पुन्हा धावायला लागेल. टाकून द्या आणि नवीन घ्या, असं मी कधीही, कुणालाही सांगितलं नाही.

एकदा सोडून.

याकूबभाईंचा मिरची गल्लीच्या पलीकडे छोटा प्रेस आहे. काम मुख्यतः लग्नपत्रिकांचं. बाहेरच्यांना वाटतं, लग्नपत्रिका म्हणजे वर गणपती, खाली मुलाचं-मुलीचं नाव आणि मुहूर्त. त्यांनी आमच्या आसपासच्या गावांतली आगरी लग्नाची पत्रिका बघावी. दीड-दीडशे नावं. निमंत्रक वेगळे, स्वागतोत्सुक वेगळे, मामेकुळी वेगळी, शिवाय चिल्ल्यापिल्ल्यांची रांग. कुणाचं नाव कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली, यावरून भावाभावांत वर्षानुवर्षं अबोला होतो. याकूबभाईंकडे प्रत्येक घराची मागची पत्रिका कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली. नवं लग्न निघालं की ती उघडायची, गेलेल्यांच्या नावामागे कैलासवासी लावायचं, सुना-नातवंडं वाढवायची. कुठल्या घरात कुणाचा मान पहिला, हे तलाठ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत. दोन घरांचं फाटलं तर दोघांनाही प्रेसमध्ये बसवून, चहा पाजून ते रांग ठरवून द्यायचे. “निकाह असो की लगीन, भाभी, भांडण नावाच्या जागेवरूनच होतं,” ते मला म्हणायचे.

हे सगळं चालायचं एका वीस वर्षांपूर्वीच्या सीपीयूवर. म्हणजे टेबलाखाली असतो तो मोठा डबा. मराठी छपाईचे त्या काळचे प्रोग्रॅम एका लॉकसोबत यायचे. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, दोन्ही बाजूंना पिनांचं तोंड असलेला ठोकळा. तो डब्याच्या मागे, जुन्या प्रिंटरची रुंद वायर लागते तिथे खोचायचा. तो असला तरच प्रोग्रॅम उघडणार. हरवला की प्रोग्रॅम दगड. नव्या कॉम्प्युटरला ते रुंद तोंडच नसतं, आणि मधे कन्व्हर्टर लावून या लॉकला फसवता येत नाही, मी करून पाहिलंय. ज्या कंपनीने तो प्रोग्रॅम विकला ती केव्हाच गाशा गुंडाळून गेली. तिच्या नंबरावर मी एकदा फोन लावला तर एका मिठाईवाल्याने उचलला.

म्हणून याकूबभाईंचा तो डबा मी वीस वर्षं जपला. दोनदा हार्ड डिस्क बदलली, पंखे बदलले, आत वीज पुरवणाऱ्या सप्लायमध्ये शिरून मेलेली पाल काढली. त्याचं चालू करायचं बटण तुटलं तेव्हा तसलं बटण बाजारात मिळेना, म्हणून मी दाराच्या बेलचं बटण आणून समोर बसवलं. पांढरं, गोल, वर घंटीचं चित्र. ते दाबलं की कॉम्प्युटर चालू. याकूबभाई इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दरवेळी डबा उघडायचे तेव्हा ते समोर नसायचेच. मशीन ठेवायचे आणि “भाभी, बघून घ्या,” म्हणून निघून जायचे. मार्करकडे त्यांचं कधी लक्षही गेलं नाही.

दुकान बंद करण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारी, लग्नाचे दिवस. दिनेश जेवायला गेला होता. एक तिशीतला माणूस आला, हातात भारी घड्याळ, कानात वायर नसलेली पांढरी बोंडं.

“सर आहेत?”

“नाहीत.”

“कधी येतील?”

“काय काम आहे, मला सांगा.”

तो जरा अडखळला आणि म्हणाला, “जरा टेक्निकल आहे.”

जरा टेक्निकल आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी सकाळपासून हा चौथा. शेवटी त्याने एकदाचं सांगितलं, आमच्याकडे एक जुनापुराना कॉम्प्युटर आहे, दोन दिवस चालूच होत नाही. शोरूमला फोन केला तर ते म्हणाले, मदरबोर्ड गेला असणार, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. तरी घरचे म्हणाले, टपाल नाक्यावर विचारून ये. “तर म्हटलं सरांचं ओपिनियन घ्यावं.”

“सरांचं ओपिनियन हेच आहे,” मी म्हटलं. “टाकून द्या आणि नवीन घ्या.”

“थँक यू मॅडम,” म्हणून तो गेला. फोनवरून बोर्ड गेल्याचं निदान करणाऱ्यांना मी एरवी उभं चिरलं असतं. त्या दिवशी मी त्यांच्याच सुरात सूर मिसळला, आणि वर दोन मिनिटांत कसं कटवलं म्हणून स्वतःवर खूश झाले. मशीन कुणाचं, किती जुनं, आणि त्याच्यावर करता काय, यातलं मी एक अक्षर विचारलं नाही.

आठ दिवसांनी याकूबभाई आले. बरोबर चिरनेरकडचे एक म्हात्रेकाका. याकूबभाईंनी काउंटरवर एक कागद ठेवला. “भाभी, हे वाचता येतंय का बघा.” लग्नपत्रिका होती. वर गणपती झकास उमटलेला. त्याच्याखाली सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हं.

म्हात्रेकाकांनी त्या कागदावर बोट आपटलं. “यात माज्या बापाचा नाव कुठं हाय? नाय ना? मंग ही पत्रिका घेऊन आमी भावकीत जायाचा कसा?”

मुलाने नवा कॉम्प्युटर आणला, याकूबभाई सांगू लागले. पडदा आणि डबा एकातच, दिसायला सुरेख. शोरूमवाल्यांनी जुन्याच्या हार्ड डिस्कवरून सगळ्या फाइली नव्यात घालून दिल्या, पण उघडतात त्या अशा. नव्या मराठीचा कीबोर्ड वेगळा, त्यांची बोटं जुन्याला बसलेली. मागची छापील पत्रिका समोर ठेवून टाइप करायला घेतलं तर तासाभरात तीन नावं झाली.

“अशा तेरा पत्रिका पडल्यात,” ते म्हणाले. “सलीम बोलतो, अब्बा, बंद करा आता, आराम करा. कुवेतवरून दर महिन्याला पाठवतो बोलला. पाठवेल, चांगला मुलगा आहे. पण भाभी, मी घरात बसून करू काय?”

“मागचे टायमाला आमचे काकाचा नि आमचा तीन वरसांचा भांडान यांनीच मिटवला,” म्हात्रेकाका म्हणाले. “दोगांना बसवून नावं लावली. मला तीच पत्रिका पायजेल. सोमवारपर्यंत बगतो. मंग उरणला जावं लागल.” ते वाईट वाटून बोलत होते, पण बोलले. ते गेले तर बाकीचे बाराही जाणार हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी भडकले. “पण तो जुना डबा टाकलात कशाला? मागे लॉक होतं ना! कुठल्या गाढवाने सांगितलं टाकायला?”

याकूबभाई गोंधळले. काउंटरवरचा कागद त्यांनी उगाच सरळ केला.

“भाभी, तुम्हीच.”

मला आधी कळलंच नाही.

“सलीम येऊन गेला ना तुमच्याकडे? बोलला, मॅडमनी सांगितलं टाकून द्या. मी म्हटलं, भाभी बोलल्या म्हणजे आता त्यात काही राहिलं नसेल. मीच उचलून गाडीत ठेवला. लॉकचं ध्यानातच नाही आलं. वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून होतं ते.”

मुलगा दहा वर्षं बाहेर, मी त्याला शाळेच्या गणवेशात पाहिलेला. पण ही सबब मला तेव्हाही सुचली नाही. मी स्टुलावर बसले. घरात कुणी सांगितलं असेल टपाल नाक्यावर विचारून ये म्हणून, तेही कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकान दिनेशवर टाकून मी याकूबभाईंना घेऊन शोरूम गाठलं. तिथल्या मॅनेजरने आमचं अर्धं ऐकून घेतलं आणि याकूबभाईंना म्हणाला, “काका, एक्स्चेंजचा माल परत मिळत नाही.” मग मी बोलले. काय बोलले ते छापण्यासारखं नाही, पण फोनवर निदान करणाऱ्या त्या माणसाला मी मदरबोर्ड कुठे असतो ते बोट लावून दाखवायला सांगितलं, भर शोरूममध्ये, गिऱ्हाइकांसमोर. शेवटी मॅनेजरने कळंबोलीच्या एका भंगार गोदामाचा पत्ता लिहून दिला.

गोदाम म्हणजे पत्र्याची मोठी शेड. छातीएवढे डब्यांचे ढीग, प्रिंटर, फुटलेले पडदे, आणि मधे जमिनीवर बसून तारा सोलणाऱ्या पाच-सहा बायका. एकेका डब्यात मी कधीकाळी केलेल्या सह्या असतील असंही मनात आलं. मालक म्हणाला, शोधा, मिळाला तर घेऊन जा. मी त्यातल्या एका वयस्क बाईला विचारलं, समोर बेलचं बटण असलेला डबा पाहिलात का?

ती खुदकन हसली. तिचं नाव गयाबाई. “त्यो बेलवाला? व्हय की! समद्यांनी दाबून बघितलं त्याला. कोण यडं आसंल म्हनलं, डब्याला बेल लावनारं.”

“मीच,” मी म्हटलं.

“आगं बया!” ती म्हणाली आणि उठून आम्हाला थेट त्या ढिगापाशी घेऊन गेली. डबा होता. वरचं झाकण निघालेलं, आतला सप्लाय काढून नेलेला, पण बोर्ड आणि हार्ड डिस्क जागेवर. मी तो फिरवला. मागचं रुंद तोंड रिकामं होतं. लॉक नव्हतं.

पिनांचा माल एका गोणीत जातो, गयाबाईने सांगितलं, आणि एक कुठली, तीन गोणी दाखवल्या. आम्ही त्या एकामागून एक जमिनीवर ओतल्या. तिथे प्लास्टिक जळाल्याचा वास आणि पत्र्याखाली भट्टीसारखा उकाडा. याकूबभाई अडुसष्ट वर्षांचे, पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. ते उकिडवे बसून एकेक तुकडा उचलायचे, उलटासुलटा करायचे, बाजूला ठेवायचे. एकदा उठून कोपऱ्यात नमाज पढून आले आणि परत बसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर माझे हात जास्त भराभर चालले असते.

दुसऱ्या गोणीच्या तळाशी त्यांना ते सापडलं. पहिल्या दिवशी खोचताना त्यांच्या अंगठ्याची लाल शाई त्याला लागली होती, पत्रिकेचीच शाई, आणि ती वीस वर्षांनीही तशीच होती. त्यांनी आपला अंगठा त्या डागावर ठेवून पाहिला. दोन पिना वाकल्या होत्या. बाकी ठीक.

दुकानात आल्यावर मी चिमट्याने पिना सरळ केल्या, फळीवरचा एक जुना सप्लाय बसवला. तेवढंच झालं होतं त्या मशीनला. सप्लाय गेला होता. सलीम आला त्याच दिवशी त्याला नीट विचारलं असतं तर पंधरा मिनिटांचं काम. लॉक खोचलं, याकूबभाईंना म्हटलं, दाबा बेल. मशीन जागं झालं. त्यांनी म्हात्रेकाकांची पत्रिका उघडली आणि सगळी नावं आली, आपापल्या जागी, आपापल्या मानाने. म्हात्रेकाकांच्या वडिलांचं नाव वरून दुसरं. याकूबभाईंनी ते मोठ्याने वाचलं. सोमवारी पत्रिका छापून गेली, आणि प्रेस अजून चालू आहे.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, “याकूबभाई, मी त्या दिवशी रागात होते. कुणाचं मशीन, काय मशीन, काहीच विचारलं नाही. चूक माझी.”

“छोडो भाभी,” ते म्हणाले. “सलीमनेपण कुठे नाव सांगितलं? माझाच मुलगा आहे.”

झाकण लावायला मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. ते म्हणाले, “एक मिनिट.” काउंटरवरचा मार्कर त्यांनी दोरीसकट पुढे ओढला आणि माझ्यासमोर धरला. माझ्याकडे बघत नव्हते.

“वाईट नका वाटून घेऊ. आतमध्ये एक सही कराल? लॉकवर आणि हार्ड डिस्कवर.”

“कशाला?” मी विचारलं.

“असंच. परत कुठे गेली तर ओळखायला बरं.”

ओळखायला बेलचं बटण होतं. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आयुष्यभरात मी हजारो सह्या केल्या आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात चरफडले. ही एक मात्र मला मुकाट्याने करता आली. लॉकवर केली, मग हार्ड डिस्कवर केली, खाली तारीख घातली. तेवढ्यावर याकूबभाई मार्कर परत घ्यायला लागले.

मी त्यांना थांबवलं, आणि पंख्यावरही केली.